पडीक म्हणायचं नाही

"पडीक म्हणायचं नाही," असं म्हणत बाई समोरच्याच्या हातातलं पेन काढून घ्यायच्या. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी, इतक्या सहज. मग कागदावरचा तो शब्द खोडायच्या, वर आपल्या गोल अक्षरात 'माळ' लिहायच्या आणि टोपण लावून पेन परत द्यायच्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पेन आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं होतं.

सोलापुरातली आमची संस्था अगदी लहान. दोन खोल्या, तीन कपाटं आणि एक पाटी. दरवर्षी आम्ही चार-पाच जणांना जैवविविधतेच्या सर्वेक्षणासाठी छोटं अनुदान देतो. कुणी तळ्यावरचे पक्षी मोजतं, कुणी फुलपाखरं, कुणी जुन्या विहिरींतली कासवं. अर्ज मागवायचे, तिघांच्या समितीपुढं मुलाखती लावायच्या, पहिला हप्ता सोडायचा, सहा महिन्यांनी अहवाल मागायचा, शेवटचा अहवाल पसंत पडला की दुसरा हप्ता. हे सगळं बघायला पगारी माणूस एकच, ती मी. शिक्षण कॉमर्सचं. चिमणी आणि कावळा सोडून तिसरा पक्षी मला ओळखू येत नव्हता, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. फायली मात्र चोख होत्या.

बाईंचा अर्ज आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी थट्टा केलीय. 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात लिहिलं होतं, 'दहावी नापास, फक्त इंग्रजीत.' 'कोणत्या संस्थेशी संलग्न' यापुढं 'माळ' एवढा एकच शब्द. 'मार्गदर्शक' या रकान्यात आडवी रेघ. मी तो अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात सरकवला. तुम्हीही तेच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. साठी ओलांडलेल्या, बुटक्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला जाड कापडी पिशवी. "माझ्या अर्जाचा आवक नंबर द्या," म्हणाल्या.

"पदवी लागते हो," मी म्हटलं.

"कुठं लिहिलंय?"

मी नियमांचा कागद काढला. कुठंच लिहिलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाला तसं लिहायची गरजच वाटली नव्हती. बाईंनी तो कागद बोट फिरवत पुरता वाचला, माझ्यापुढं ठेवला आणि शिक्का मारून होईपर्यंत उभ्या राहिल्या.

मुलाखतीच्या दिवशी समितीत नेहमीचे तिघं होते. बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष, एक निवृत्त वनाधिकारी आणि आमचे तज्ज्ञ, एका कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे माजी विभागप्रमुख. त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. बाई आत आल्या तसे सर खुशीत म्हणाले, "अरे, तुम्ही इथं? चहा आणलात वाटतं!"

बाई हसल्या. "मी मुलाखतीला आलेय, सर. चहा त्या मॅडम सांगतील."

तेव्हा आम्हाला कळलं की बाई सरांच्याच विभागात तीस वर्षं परिचर होत्या. मुलांसाठी रोपं आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची, खाली लॅटिन नावाची चिठ्ठी लिहायची, हे त्यांचं काम. दहावीला ज्या इंग्रजीनं दगा दिला, त्याच लिपीतली शेकडो नावं त्यांनी चिठ्ठ्या लिहून लिहून पाठ केली होती. त्या कागदांच्या जोरावर किती जणांच्या पदव्या झाल्या ते सरच जाणोत. बाईंचं नाव एकाही कागदावर नव्हतं.

अध्यक्षांनी अर्जावर 'पडीक जमिनीवरील गवतांचे सर्वेक्षण' असं टिपून घेतलं, आणि तिथंच त्यांचं पेन गेलं.

मग बाईंनी पिशवीतून कुसळी गवताचं एक काळपट कुसळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि अध्यक्षांच्या ग्लासातलं थेंबभर पाणी त्यावर सोडलं. कुसळ जागच्या जागी फिरायला लागलं. कुणी ढकललं नाही, फुंकलं नाही. अध्यक्ष खुर्ची पुढं ओढून बघत राहिले.

"पाऊस पडला की हे असं फिरत फिरत आपलं बी जमिनीत रोवतं," बाई म्हणाल्या. "आता सांगा, ह्या जमिनीत काय पडीक आहे?"

अनुदान मंजूर झालं. एकच खुसपट निघालं. मार्गदर्शक म्हणून आपलं नाव घालावं, असं सरांनी सुचवलं. बाई नम्रपणे म्हणाल्या, "नको, सर. तुम्ही माझ्याबरोबर एकदाच आला होता, तेही बस थांब्यापर्यंत. ऊन लागलं म्हणून परत गेलात. उगाच तुमच्यावर खोटं बोलायची पाळी नको." वनाधिकाऱ्यांना खोकला आला.

बाईंचा माळ अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावाचा होता. गावाची सामाईक गायरान जमीन. बाई सोमवारी आणि गुरुवारी पहिल्या एसटीनं जायच्या. तिथं त्यांच्या जोडीला यल्लव्वा असायची. धनगराची बाई, चाळिशीची, तिची मेंढरं त्याच माळावर चरायची. कुठलं गवत कुठल्या महिन्यात कुठं उगवतं, हे तिला पायांनी ठाऊक होतं.

पहिल्या सहामाहीचे कागद आले तेव्हा त्यात यल्लव्वाच्या रोजाची पावती होती. तिच्यावर मी रिवाजाप्रमाणं 'मजूर' असं लिहिलं. बाईंनी फोन केला.

"मॅडम, मजूर कोण?"

"त्या धनगरीण बाई."

"त्यांनी खड्डा खणला का? ओझं उचललं का? त्यांनी मला एकोणीस गवतं दाखवली, त्यातली सहा मी कधी बघितली नव्हती. सहसर्वेक्षक लिहा."

"तसा रकानाच नाही हो."

"मग रकाना पाडा की. पट्टी असंल ना तुमच्याकडं?"

मी पट्टी घेतली आणि रकाना पाडला.

त्याच अहवालात पंधरा नंबरपुढं 'नाव माहीत नाही' असं लिहिलं होतं. सरांनी शेरा मारला, 'अपूर्ण नोंद वगळावी.' बाईंनी शेऱ्याखाली उत्तर लिहून कागद परत पाठवला : 'आपल्याला नाव माहीत नाही म्हणजे गवत नाही, असं होत नाही. नोंद ठेवावी.' माझ्या सगळ्या नोकरीत तज्ज्ञाच्या शेऱ्याखाली शेरा मारणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

खरं संकट आलं ते दिवाळीच्या तोंडावर. आमच्या संस्थेला सर्वांत मोठी देणगी देणारे टॉवेलचे एक कारखानदार होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना आईच्या नावानं झाडं लावायची होती, पुष्कळ झाडं, एका जागी, लांबून दिसतील अशी. सरपंचानं त्यांना दाखवली ती नेमकी बाईंच्या माळाची जागा. एका उतारावर खड्डे खणायला सुरुवातसुद्धा झाली. बाईंचा शेवटचा अहवाल मात्र सांगणार होता की हा माळ जिवंत आहे, इथं झाडं लावली तर तो मरेल.

अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. "अहवालाची शेवटची दोन पानं काढायला सांगा त्यांना. त्याऐवजी एवढं एक वाक्य घालायचं." वाक्य मीच टाइप केलं : 'सदर जमीन पडीक असून वृक्षलागवडीस योग्य आहे.'

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर दुसरा हप्ता नाही. आणि शेठजींनी हात आखडला तर पुढच्या वर्षी संस्थाच नाही. तुमचा पगार कुठून येतो, हेही त्यांना सांगा."

भवानी पेठेतल्या एका बोळात बाईंचं घर होतं. खाली दुसऱ्या कुणाचे यंत्रमाग खडखडत होते, वर बाईंची खोली. पूर्वी त्यांच्या घरी हातमाग होता. नवरा गेल्यावर तो मोडला, पण त्याच्या सागवानी फळ्या बाईंनी ठेवल्या होत्या. त्या फळ्यांमध्ये वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांत गवतं, आणि सगळ्यावर वरवंटा. सुनेशी तेलुगूत काहीतरी बोलून त्यांनी माझ्यापुढं भात आणि चिंचेची आमटी ठेवायला लावली. मी जेवेपर्यंत कशाला आलात, हे विचारलं नाही.

हात धुतल्यावर मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून ते एक वाक्य दोनदा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. म्हणजे, मला लिहायला सांगितलं."

"तुम्ही माळ बघितलाय?"

"नाही."

त्या रागावतील म्हणून मी तयारीनं गेले होते. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो माझ्या पर्समध्ये ठेवला. "उद्या गुरुवार आहे. पहिल्या गाडीला या. बघून मग लिहा."

मी का गेले, ते अजून सांगता येत नाही. एसटीतून उतरून अर्धा तास चाललो आणि समोर माळ आला. माझी समजूत होती, काही नाही ते म्हणजे माळ. इथं कमरेएवढं गवत होतं, पिवळं, तांबूस, मधेच जांभळ्या तुऱ्यांचं. वारा आला की सगळा उतार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. माझ्या साडीच्या काठाला शंभर कुसळं चिकटली. "आता निदान तुम्हाला माळ लागला," बाई म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या.

चार काठ्या बांधून केलेली मीटरभराची चौकट त्यांनी जमिनीवर टाकली. आत जेवढी गवतं, तेवढी मोजायची. बाई एका बाजूनं मोजायच्या, यल्लव्वा दुसऱ्या बाजूनं. बाईंचं मोजणं तेलुगूत, "ओकटी, रेंडु, मूडु." यल्लव्वाचं कानडीत, "ओंदु, यरडु, मूरु." आकडा जुळला की दोघी मराठीत एकदम म्हणायच्या, "लिहा!" लिहायला त्या दिवशी मी होते.

"हितं झाडं लावनार म्हनं," यल्लव्वा मला म्हणाली. "मी काय झाडाच्या वाईटावर न्हाय बाई. पर ह्ये बगा." तिनं गवत हलकेच बाजूला केलं. मातीच्या खळग्यात मातीच्याच रंगाची तीन अंडी होती, चंडोलाची. "ह्यो पक्षी भुईवर घालतो. झाड आलं की झाडावर घार बसंल, कावळा बसंल. वरनं सगळं दिसतंय त्यास्नी. एक पिल्लू ऱ्हानार न्हाय. आन् सावलीत गवत मरतंय. माजी मेंढरं काय सावली खात्याल?"

परतताना मी बाईंना म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात तर पैसे अडकतील. माझी नोकरीसुद्धा जाईल कदाचित."

"पोरी, तीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या," त्या म्हणाल्या. मला पोरी म्हणण्याची ती पहिली वेळ. "त्यातली एक चिठ्ठी खोटी नाही लिहिली. आता पहिल्यांदा माझं नाव येणार, आणि तेच खोट्याखाली घालू? तुझ्या नोकरीचं मला वाईट वाटतं. पण वाक्य नाही घालणार."

मी अध्यक्षांना नकार कळवला. त्यांनी दुसरा हप्ता रोखल्याचं पत्र काढायला सांगितलं. ते मी टाइप केलं, आणि संस्थेतर्फे खाली सही केली. तुम्हाला वाटलं असेल, माळ पाहून आल्यावर मी आता ताठ उभी राहीन. नाही राहिले. घराचा हप्ता होता, मुलीची फी होती. सही केली.

आठवड्यानं बाई कार्यालयात आल्या. पिशवीतून जाडजूड अहवाल काढून त्यांनी टेबलावर ठेवला. शेवटच्या दोन पानांसकट पूर्ण. पहिल्या पानावर दोन नावं, बाईंचं आणि यल्लव्वाचं.

"हप्ता रोखलाय, बाई. पत्र मिळालं नाही का?"

"मिळालं की. हप्ता राहू दे. अहवाल घ्या. आजची शेवटची तारीख आहे."

आतल्या खोलीतून अध्यक्षांचा आवाज आला, "घेऊ नका तो." दार उघडंच होतं. बाई माझ्याकडं बघत होत्या. विनवणी नव्हती त्यांच्या नजरेत, धाकही नव्हता. चौकटीतलं गवत जसं त्या बघायच्या, काय आहे ते नीट दिसावं म्हणून, तसं बघत होत्या. त्या बघण्यापुढं मला माझी सही आठवली.

मी शिक्का उचलला. आवक क्रमांक घातला, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. पोच फाडून त्यांच्या हातात दिली. अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले, तोवर शाई वाळली होती.

"एकदा नोंदलेला कागद नव्हता म्हणता येत नाही, साहेब," बाई त्यांना म्हणाल्या. "कॉलेजात तीस वर्षं हेच शिकले मी."

त्या तिथं थांबल्या नाहीत. त्याच महिन्यात गावात ग्रामसभा होती. शाळेच्या ओसरीवर दोरी बांधून बाईंनी आणि यल्लव्वानं वाळवलेल्या गवतांचे कागद कपडे वाळत घालावेत तसे चिमटे लावून टांगले. मी रजा टाकून गेले होते. लोक आधी लांबून बघत होते. मग एक म्हातारी जवळ आली. "ह्यो तर पवन्या! माज्या माहेरी ह्याचं छप्पर शाकारायचे." मग दुसरी आली, मग बापे आले. मारवेल, शेडा, कुसळी, नावं पडायला लागली. पंधरा नंबरच्या गवतावरून तर दोन म्हाताऱ्यांचं भांडण लागलं, एक त्याला एक नाव सांगे, दुसरा दुसरं. बाईंनी दोन्ही लिहून घेतली, सांगणाऱ्यांच्या नावांसकट.

सरपंच म्हणाला, "बाई, तुमचं खरं असंल. पर शेठ झाडं देतोय, पानी द्यायला टाकी देतोय. आमी न्हाय कशाला म्हनावं?"

"न्हाय कुठं म्हणते मी? शाळेमागं लावा. ओढ्याच्या काठानं लावा, रस्त्याला लावा. तिथं झाड सुखानं जगंल. माळावर नको. माळ मोकळा आहे तो तुम्हाला रिकामा दिसतोय, एवढंच." मग त्या वळून लोकांना म्हणाल्या, "हे सगळं पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत चढवा. तुमची वही आहे ती, कायद्यानं दिलेली. कपाटात कोरी पडलीय. मी बघितलीय."

यल्लव्वा सभेत कधी बोललेली नव्हती. ती खालीच बसून मोठ्यानं म्हणाली, "लिवा की ओ ग्रामसेवक! पेन न्हाय का?" लोक हसले, आणि त्या हसण्यातच हात वर झाले.

ठराव झाला. शेठजींची झाडं ओढ्याकाठी लागली. स्वतः येऊन ते माळ बघून गेले आणि देणगी चालू ठेवली. सगळं काही वाचलं नाही. ज्या उतारावर आधीच खड्डे झाले होते, तिथं अजून गवत धड आलेलं नाही. बाईंना तो उतार बघवत नसे, त्या तिकडून जाताना पदर डोक्यावर ओढून घ्यायच्या. माझी नोकरी गेली नाही. अध्यक्ष माझ्याशी चार महिने चिठ्ठ्यांतून बोलत, एवढंच.

रोखलेला हप्ता वर्षभरानं सुटला, तो सरांमुळं. समितीच्या बैठकीत अहवाल पुढं ठेवून ते म्हणाले, "मी यादी दोनदा तपासली. बरोबर आहे. मला नसती करता आली." बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्या रागावल्यात का हो माझ्यावर?" मी म्हटलं, विचारा की. त्यांनी विचारलं नाही. त्या माघात बाई गेल्या. दोनच दिवसांचा ताप. बुधवारी रात्री त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या एसटीसाठी सुटे पैसे काढून ठेवले होते, असं सून सांगत होती.

कॉलेजनं सूचनाफलकावर शोकसंदेश लावला, 'आमच्या सेवानिवृत्त परिचर.' मी पेन घेऊन गेले, 'परिचर' खोडून 'गवतांच्या अभ्यासक' लिहिलं. शिपायानं पाहिलं आणि तोंड दुसरीकडं वळवलं. तोही तिथं वीस वर्षं आहे.

यंदाचे अर्ज मागवण्याआधी अध्यक्ष म्हणाले, "नियमांत एक ओळ घाला. अर्जदार पदवीधर हवा. वाद नको पुन्हा."

"मी ती टाइप करणार नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. पण इतिवृत्तात माझा विरोध नोंदवायचा."

"तुम्ही समितीच्या सदस्य नाही."

"माहितीय. तरी नोंदवायचा."

वनाधिकारी पुन्हा खोकले. सर म्हणाले, "नको ती ओळ." ओळ आली नाही.

मागच्या महिन्यात मुलाखती झाल्या. तिसरा अर्ज यल्लव्वाचा होता, माळावर भुईत घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा. ती एकटीच आली. कपाळभर कुंकू, पायांत माळाची धूळ तशीच. खुर्चीच्या कडेवर टेकली आणि मग, काय मनात आलं कुणास ठाऊक, मागं सरून नीट पाठ टेकून बसली. अध्यक्षांनी विचारलं, "आता माळावर तुमच्या सोबतीला कोण असतं?"

"कोन न्हाय," ती म्हणाली. "बाई होत्या तवर होत्या."

सरांनी तिचा अर्ज उलटून बघितला. "तुम्हाला पक्ष्यांची शास्त्रीय नावं येतात का?"

"तुमची न्हाय येत. आमची येत्यात," यल्लव्वा म्हणाली. "लई हायती. मी सांगते, तुमी लिवून घ्या."

सरांनी खिशातून पेन काढलं, कोरा कागद पुढं ओढला आणि म्हणाले, "सांगा."